‘समुद्री टॅक्सी’वाल्या मेसेजला उत्तर

भूमध्य समुद्रात माणसं वाचवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या जहाजांबद्दल एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. मराठीतही त्याचे अवतार निघालेत. सार असं: ‘ही जहाजं लिबियाच्या किनाऱ्यापाशी टॅक्सीसारखी उभी असतात. तस्कर फोन करतात, ही जाऊन माणसं उचलतात. जहाजं आहेत म्हणूनच लोक निघतात. ती बंद करा, बुडणंही बंद होईल. कायद्याने जवळच्या बंदरात, म्हणजे लिबियात, सोडायला हवं, पण इटलीत आणून टाकतात. एवढा पुळका असेल तर आपल्या देशात न्या. आणि मुळात बेकायदा निघालेल्यांना वाचवायचंच कशाला?’

युरोपने किती लोकांना थारा द्यावा यावर दुमत असू शकतं, आणि ते असायला माझी काहीच हरकत नाही. पण हा मजकूर तो वाद घालतच नाही. तो काय घडतं आणि कशामुळे घडतं हे सांगतो. मग ते तपासून बघू.

‘तस्करांशी संगनमत आहे’

‘टॅक्सी’ हे विशेषण गाजवलं ते इटलीचे नेते लुइजी दी मायो यांनी, एप्रिल २०१७ मध्ये. तेव्हा ते विरोधी पक्षात होते. पुढच्या वर्षी उपपंतप्रधान झाले. २०१७ मध्येच, २ ऑगस्टला, इटलीच्या पोलिसांनी लांपेदूझा बेटावर ‘युव्हेंटा’ हे जहाज जप्त केलं. बर्लिनमधल्या काही तरुणांनी वर्गणी काढून घेतलेली ही जुनी बोट. चौदा हजारांच्या आसपास लोकांना वाचवण्यात तिचा हात होता. आरोप असा, की तस्करांशी आधी ठरवून माणसं घेतली आणि रिकाम्या होड्या त्यांना परत केल्या.

तपासात कसर ठेवली होती असं कोणी म्हणू शकणार नाही. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, चोरून ऐकायचं यंत्र बसवलं होतं, फोन टॅप होत होते, दुसऱ्या एका संस्थेच्या जहाजावर पोलीस अधिकारी ओळख लपवून राहिला होता. फाइल तीसेक हजार पानांची झाली. २०२४ च्या सुरुवातीला सरकारी वकिलांनीच खटला पुढे नेण्यात अर्थ नाही असं न्यायालयाला सांगितलं, आणि १९ एप्रिलला सिसिलीतल्या त्रापानीच्या न्यायाधीशांनी सगळ्यांना मोकळं केलं. मधल्या जवळजवळ सात वर्षांत जहाज धक्क्याला सडून गेलं. फिरणाऱ्या मजकुरात जप्तीचा फोटो हमखास असतो. निकाल मला तरी कुठल्याच आवृत्तीत दिसलेला नाही.

फोनचं म्हणाल तर फोन येतात, यात लपवण्यासारखं काही नाही. ऑक्टोबर २०१४ पासून ‘अलार्म फोन’ नावाची हेल्पलाइन चालते. होडीतलेच लोक सॅटेलाइट फोनवरून तिला ठिकाण कळवतात आणि ती ते इटली-माल्टाच्या तटरक्षक दलांना आणि आसपासच्या जहाजांना कळवते. बुडणारा माणूस फोन करतो, याला संगनमत म्हणायचं तर अग्निशमन दलाचंही आगी लावणाऱ्यांशी संगनमत आहे.

खरं संगनमत बघायचं असेल तर नजर थोडी दक्षिणेला वळवावी लागेल. लिबियातल्या झाविया शहराच्या तटरक्षक तुकडीचा तेव्हाचा प्रमुख अब्द अल-रहमान अल-मिलाद, ऊर्फ ‘बिजा’. जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच्यावर मानवी तस्करीवरून निर्बंध घातले. त्याच्या आदल्याच वर्षी तो लिबियाच्या शिष्टमंडळातून इटलीला जाऊन आला होता, स्थलांतर कसं रोखायचं याच्या बैठकांसाठी.

‘जहाजं आहेत म्हणून लोक निघतात’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, कारण ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. म्हणून जरा सविस्तर.

१९९६ च्या नाताळात माल्टा आणि सिसिलीच्या मध्ये एक छोटी बोट मोठ्या जहाजावरून माणसं उतरवून घेताना बुडाली. किमान २८३ जण गेले, आणि ते भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेचे होते. पंजाबातली कित्येक घरं त्यात उद्ध्वस्त झाली. इटलीत बराच काळ अशी दुर्घटना झाल्याचंच कोणी मान्य करेना; २००१ मध्ये समुद्रतळावरचे अवशेष सापडले तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. त्या समुद्रात तेव्हा एकाही संस्थेचं बचाव जहाज नव्हतं. मग त्या लोकांना कोणाच्या टॅक्सीने बोलावलं होतं?

पुढे ३ ऑक्टोबर २०१३ ला लांपेदूझाच्या अगदी जवळ होडी पेटून उलटली आणि साडेतीनशेहून जास्त लोक मेले. तेव्हाही स्वयंसेवी जहाजं नव्हती. त्या धक्क्याने इटलीने नौदलाची ‘मारे नोस्त्रुम’ मोहीम काढली. वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसं वाचवली. खर्च महिन्याला ९० लाख युरो. मग आज संस्थांना लावतात तोच ठपका इटलीच्या नौदलावर आला: तुम्ही वाचवता म्हणून ते येतात. ब्रिटिश सरकारने तर तसं संसदेत सांगून बचावमोहिमांना पाठिंबा नाकारला. ३१ ऑक्टोबर २०१४ ला मोहीम थांबली आणि तिच्या जागी आली युरोपीय संघाची ‘ट्रायटन’, एक तृतीयांश पैशांत आणि मुख्यतः इटलीच्या किनाऱ्याजवळच गस्त घालणारी.

म्हणजे मजकुरात सुचवलेला उपाय एकदा खरोखर करून झालेला आहे. त्याचं काय झालं? २०१४ च्या पहिल्या चार महिन्यांत इटलीत समुद्रमार्गे २६ हजारांच्या घरात लोक पोचले होते. २०१५ च्या पहिल्या चार महिन्यांतही २६ हजारांच्याच घरात. मेलेल्यांचा आकडा मात्र शंभराच्या आतून सोळाशेच्या वर गेला. ‘सी-वॉच’, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’, ‘एसओएस मेडिटेरानी’ यांची जहाजं त्यानंतर उतरली. माल्टाची एक संस्था तेवढी २०१४ च्या ऑगस्टमध्ये आली होती. सरकारी जहाजं मागे हटली, मग ही पुढे आली. मजकूर हा क्रमच उलटा करून सांगतो.

त्यापुढचे आकडेही या तर्काला जुमानत नाहीत. २०१६ मध्ये इटलीत १ लाख ८१ हजार लोक आले. २०१७ च्या उन्हाळ्यात आकडा अचानक कोसळला, आणि तेव्हा संस्थांची जहाजं समुद्रातच होती. बदललं होतं ते लिबियातलं गणित: स्थलांतर रोखण्याचा इटली-लिबिया करार आणि किनाऱ्यावरच्या साब्राथा शहरातल्या टोळ्यांनी फिरवलेला पवित्रा. २०२३ च्या जानेवारीत इटलीने या जहाजांवर नवे कडक नियम लादले. एक बचाव झाला की लगेच नेमून दिलेल्या बंदराकडे निघायचं, आणि बंदर नेमायचं ते रावेन्ना, आंकोना, जिनोआ असं दोन-चार दिवसांवरचं. त्या वर्षी आलेले लोक घटले का? दीड लाखाच्या वर गेले. बहुतेक ट्युनिशियातून, लोखंडी पत्र्याच्या होड्यांतून. आलेल्यांपैकी संस्थांच्या जहाजांनी आणलेले दहातले एकाच्या आसपास. बाकीचे इटलीच्याच तटरक्षक दलाने आणि पोलीस नौकांनी आणले किंवा आपले आपण पोचले. २०२४ मध्ये, ट्युनिशियाने किनारे आवळल्यावर, आकडा निम्म्याहून खाली आला. संस्थांची जहाजं त्याही वर्षी होतीच.

‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाने २०११ ते २०२० चा सगळा काळ तपासला. बचावमोहिमा वाढल्या म्हणून निघणारे वाढले, असा संबंध त्यात सापडला नाही. संघर्ष, वस्तूंचे भाव, नैसर्गिक आपत्ती, हवामान यांचा संबंध सापडला.

आता विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगतो, कारण तो आहे. देयाना, माहेश्री आणि मास्त्रोबुओनी या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की बचाव जवळ आल्यावर तस्करांनी लाकडी होड्या सोडून स्वस्तातल्या रबरी होड्या वापरायला सुरुवात केली आणि वाईट हवेतही माणसं लोटली. हे मला खरं वाटतं. तस्कर नीच असतात आणि दुसऱ्याच्या माणुसकीवर पैसा वाचवतात. (युरोपीय नौदलं तस्करांच्या लाकडी होड्या जप्त करून जाळत होती, त्याचाही यात वाटा होता.) पण त्यांनी तपासलेल्या मोहिमांत मोठा भाग सरकारी नौदलांचा होता. आणि त्यातून निघणारा निष्कर्ष ‘सुरक्षित कायदेशीर वाटा काढा’ असाही असू शकतो. त्या अभ्यासाच्या आधारे ‘बुडू द्या’ म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर म्हणावं.

‘जवळचं बंदर लिबियाचं, तिथे सोडा’

कायद्यात ‘जवळचं बंदर’ नाही, ‘सुरक्षित जागा’ आहे. सागरी शोध आणि बचावाचा १९७९ चा हॅम्बुर्ग करार, त्यातल्या २००४ च्या दुरुस्त्या, सगळीकडे हाच निकष: वाचवलेल्याच्या जिवाला जिथे धोका उरत नाही तिथे बचाव पूर्ण होतो. ज्या जहाजाने उचललं ते लिबियात परत देऊन मोकळं होऊ शकत नाही. इटलीने २००९ मध्ये तसं केलं होतं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये हिर्सी खटल्यात इटलीला दोषी धरलं. ‘आसो २८’ या इटालियन व्यापारी जहाजाच्या कप्तानाने जुलै २०१८ मध्ये १०१ जण लिबियाच्या हवाली केले. त्याला शिक्षा झाली, आणि ती इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम केली. थोडक्यात, मजकूर जे करायला सांगतो त्यासाठी गुन्हा दाखल होतो.

लिबिया सुरक्षित का नाही? संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च २०२३ च्या अहवालात तिथल्या स्थलांतरितांच्या कैदखान्यांबद्दल ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे शब्द वापरले आणि गुलामगिरीचा त्यात उल्लेख केला. पकडून आणलेल्याला कोंडायचं, मारहाण करत घरच्यांना फोन लावायचा, पैसे आले की सोडायचं, तो पुन्हा होडीत. या कैद्यांत बांगलादेशी मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या घरच्यांनी जमिनी विकून भरलेली खंडणी हा तिथला धंदाच आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लिबियाच्या गस्ती नौकेने ‘ओशन व्हायकिंग’ या बचाव जहाजावरच गोळीबार केला, वर ८७ वाचवलेले लोक असताना. ती नौका इटलीनेच दिलेली होती.

‘आपल्या देशात न्या’

नकाशा बघा. लांपेदूझाहून समुद्रमार्गे हॅम्बुर्ग चार हजार किलोमीटरहून लांब आहे, वाटेत बिस्केचा उपसागर. डेकवर शेकडो माणसं, लहान मुलं, भाजलेले, अतिसाराने गळालेले. जहाज तिकडे गेलं की इथल्या समुद्रातून आठवडेच्या आठवडे गायब. माणसं उतरवल्यावर कोणी कुठे राहायचं हे सरकारांनी ठरवायचं आहे, आणि फ्रान्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘ओशन व्हायकिंग’ला तुलाँ बंदरात घेतलं तसं कधीमधी ठरतंही. कप्तानाच्या हातात तो निर्णय नसतो.

‘बेकायदा निघाले, मग वाचवायचं कशाला?’

घरातलं कोणी बोटीवर नोकरीला असेल तर त्यालाच विचारा. कोकणात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करणं कप्तानाला बंधनकारक आहे, आणि ‘सोलास’ या समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय: त्या माणसाचं राष्ट्रीयत्व काय, दर्जा काय, तो कुठल्या परिस्थितीत सापडला, यातलं काहीही बघायचं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. इशारा असून तो समुद्रात का राहिला, कोणाची चूक, हे नंतर चौकशीत आलं. नौदलाने खवळलेल्या पाण्यातून १८६ जणांना काढताना हा प्रश्न कोणाला विचारला नाही.

संस्थांची जहाजं उद्या बंद झाली तर हे बंधन संपत नाही. ते येऊन पडतं मालवाहू आणि तेलवाहू जहाजांवर, ज्यांच्या खलाशांत भारतीय भरपूर आहेत. २०१४ मध्ये व्यापारी जहाजांनी भूमध्यात ४० हजारांच्या आसपास लोक उचलले. मार्च २०१५ च्या शेवटी जहाजमालकांच्या आणि खलाशांच्या संघटनांनी एकत्र पत्र लिहून युरोपीय देशांना विनवलं, की बचावाची व्यवस्था तुम्ही वाढवा, आमची जहाजं आणि माणसं या कामासाठी नाहीत.

हे काम करायचं कसं ते संस्थांच्या जहाजांवरचे लोक शिकलेले असतात. मोठं जहाज लांब उभं करतात. लहान स्पीडबोट पुढे जाते, पण होडीला आडवी भिडत नाही, कारण ती दिसताच सगळे एका बाजूला झेपावतात आणि होडी उलटते. आधी एकजण मोठ्याने, सावकाश बोलतो. मग लाइफ जॅकेट वाटतात. ती सगळ्यांच्या अंगावर चढेपर्यंत एकालाही उचलत नाहीत. रबरी होडीच्या मध्यभागी बहुधा बायका-मुलं बसवलेली असतात. तिथेच तळाला सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी साचतं आणि कमरेखालची कातडी सोलून निघते. त्यांना आधी दवाखान्याच्या खोलीत नेतात.

जहाजमालकांच्या त्या पत्रानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री ‘किंग जेकब’ या कंटेनरवाहू जहाजाला एका खचाखच भरलेल्या मासेमारी बोटीकडे वळवण्यात आलं. जहाज नियमाप्रमाणे आलं. जवळ पोचताना बोट त्याच्यावर आदळली आणि उलटली. आठशेहून जास्त लोक बुडाले, बहुतेक आतल्या कप्प्यांत कोंडलेले. वाचले २८. ‘सी-वॉच’ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची जहाजं तोवर त्या समुद्रात उतरलेली नव्हती.