सातवीतल्या मुलाला घरीच शिकवावे काय? दांडिया बाजारच्या ओट्यावरील एक वाद

दांडिया बाजारात, सूरसागराच्या अलीकडे, एका कायमच्या बंद दुकानापुढे दगडी ओटा आहे. पुण्यामुंबईचे लोक त्याला कट्टा म्हणतील, आमचे गुजराती शेजारी ओटलो म्हणतात, आणि आम्ही बडोदेकर मराठी मंडळी तोंडाला येईल तो शब्द वापरतो. संध्याकाळी सातनंतर आम्ही चौघे तेथे भेटतो. मागच्या महिन्यातील एका गुरुवारी अविनाशने चहाचा पेला हातात घेण्यापूर्वीच जाहीर केले की दिवाळीनंतर आपण मुलाला शाळेतून काढणार असून सातवीचे उरलेले वर्ष आणि आठवी त्याला घरीच, संगणकाच्या साहाय्याने शिकवणार आहोत.

त्याची तक्रार खोटी नव्हती. वर्गात पन्नासहून अधिक मुले, शाळेचे प्रकल्प रात्री अकरापर्यंत आईवडिलांनीच चिकटवायचे, आणि एवढे करून गणितासाठी शिकवणी वेगळी. त्याउलट घरी बसून काय काय मिळते याची यादी त्याला पाठ होती. खान अकॅडमी फुकट आहे, एनसीईआरटीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी संकेतस्थळावरचा पाठ उघडतो, कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संगणकावरील प्रयोगांच्या संचामध्ये विजेचे मंडल मोडतोड न करता जोडता येते, आणि प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅच आहेच. मुलगा आपल्या गतीने पुढे जाईल, जे समजले नाही तेथे थांबेल, हा त्याचा मुख्य मुद्दा होता.

नाना आमच्यात वडीलधारे, बँकेतून निवृत्त झालेले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव यांचा विषय निघाला की थांबता न येणारे. त्यांनी लगेच आठवण करून दिली की ज्या राज्यात १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ पासून ती सक्ती सबंध संस्थानात लागू झाली, त्या राज्याच्या राजधानीत बसून अविनाश मुलाचे नाव शाळेच्या पटावरून कमी करण्याच्या गोष्टी करतो आहे. त्या काळी मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे, हेही त्यांनी ऐकवले.

अविनाशने उत्तर तयार ठेवले होते. "नाना, कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आणलेले सयाजीराव तरी कोणत्या शाळेत गेले होते? बारा वर्षांचे वय, अक्षरओळख जेमतेम, आणि पुढची सहा वर्षे शिक्षण राजवाड्याच्या छत्राखाली. माझाही मुलगा बारा वर्षांचाच आहे."

हा घाव नानांना लागला, पण ते काही मागे हटले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की महाराजांना घरी शिकवले म्हणजे पुस्तकांच्या कपाटासमोर बसवून दिवाणजी कचेरीत निघून गेले असे झाले नाही. त्यांचे शिक्षक इलियटसाहेब यांची नेमणूक त्याच एका कामासाठी होती आणि राज्यकारभाराचे धडे द्यायला खुद्द दिवाण सर टी. माधवराव बसत. "तुझ्या घरी इलियट कोण?" या प्रश्नावर अविनाश म्हणाला, "मी घरूनच काम करतो ना!" आणि येथून मेधाताई बोलू लागल्या.

मेधाताई सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवतात, घरच्याच एका खोलीत, एका वेळी आठांहून अधिक नाहीत. त्या सॉफ्टवेअरच्या विरोधक नाहीत, उलट आमच्यात ते सर्वांत जास्त त्याच वापरतात. त्यांनी दिल्लीतील एका प्रयोगाचा दाखला दिला, ज्याचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतील, लॉटरीने निवडलेल्या मुलांना अहमदाबादेत तयार झालेली माइंडस्पार्क ही संगणकावरून शिकवणारी प्रणाली साडेचार महिने देण्यात आली. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. शिक्षक सहावीचे पुस्तक शिकवीत होता आणि मूल तिसरी-चौथीत अडकलेले होते. प्रणालीने प्रत्येकाला तो जेथे होता तेथून पुढे नेले, आणि त्या मुलांनी गणितात लॉटरीत संधी न मिळालेल्या मुलांना स्पष्टपणे मागे टाकले. अविनाश खूश झाला. "पण पुढचे ऐक," मेधाताई म्हणाल्या. "नव्वद मिनिटांच्या सत्रात पंचेचाळीस मिनिटेच संगणक होता, उरलेली पंचेचाळीस एक सहायक शिक्षक लहान गटाला घेऊन बसत असे, शिवाय ही मुले शाळेतही जातच होती. यातले तू फक्त पहिली पंचेचाळीस मिनिटे उचलतो आहेस."

येथे मला माझी साक्ष द्यावी लागली, जी अविनाशला आवडली नाही. आदल्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो असता मुलगा एका सशुल्क अ‍ॅपवर अपूर्णांकांची बेरीज करीत होता. तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश, खाली चार पर्याय. त्याने आधी पाच नवमांश दाबले, लाल झाले. न वाचता दुसरे दाबले, पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेस तेवीस विसांश हिरवे झाले आणि पडद्यावर चांदण्या पडल्या. शेजारच्या वहीत एका मोटारसायकलचे सुरेख चित्र होते आणि एकही आकडा नव्हता. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता, ही चूक पाच नवमांश पाहिल्याबरोबर कोणत्याही शिक्षकाच्या लक्षात आली असती. अविनाशच्या मोबाइलवर मात्र संध्याकाळी अहवाल आला की हा घटक पूर्ण झाला. (छेद म्हणजे डिनॉमिनेटर हे त्या मुलाला मी सांगितले, तेव्हा अंश म्हणजे कोनाचा ना, असे त्याने विचारले. गुजरातीतही अपूर्णांकाचा वरचा आकडा आणि कोनाचे माप या दोन्हींना अंशच म्हणतात, त्यामुळे शेजारच्या मित्राकडूनही त्याला मदत झाली नसती.)

अविनाशचे म्हणणे पडले की अ‍ॅप वाईट निवडले गेले, दुसरे घेऊ. हे अर्धे खरे आहे, कारण पर्याय न देता उत्तर लिहायला लावणारी सॉफ्टवेअर आहेतच. परंतु तो दिवसभर बैठकांत असताना वहीत कोण पाहणार, याचे उत्तर चांगल्या अ‍ॅपने मिळत नाही.

कायद्याचा मुद्दा लवकर आटोपला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले असले तरी न घातल्यास दंड सांगितलेला नाही. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येते, आणि त्याआधी मन बदलल्यास वयानुरूप वर्गात परत प्रवेश मागता येतो. म्हणजे दार बंद होत नाही, हे नानांनीही मान्य केले, जरा नाराजीनेच.

शेवटी मेधाताईंनी तोड काढली. नाव काढू नये; दिवाळीच्या सुटीत रोज दोन तास घरी शिकवून पाहावे, अ‍ॅपचा अहवाल कोणी विचारणार नाही, पण गुरुवारी मुलाने वही घेऊन ओट्यावर यावे.

पहिल्या गुरुवारी तो आला. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने त्रिकोण काढला होता, कोपरा धरून ओढला होता आणि प्रत्येक वेळी तिन्ही कोन वहीत लिहून बेरीज केली होती. पाच ठिकाणी १८० आली होती, एका ठिकाणी ६१, ५८ आणि ६० मिळून १७९, आणि त्याखाली त्याने पेनाने गोल केला होता. अविनाशने आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून दशांश स्थळे शून्य करून दिली होती, त्याचा हा परिणाम. मेधाताईंनी ६१.४, ५८.४ आणि ६०.२ असे तीन कोन लिहून त्याच्याकडून बेरीज करवली, मग प्रत्येक आकडा जवळच्या पूर्ण संख्येपर्यंत आणायला लावला. तो हसला. नंतर त्याने विचारले की पण दर वेळी १८० च का, दोनशे का नाही.

मेधाताईंनी वही उलटी केली, त्रिकोण काढला आणि शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ मारायला पेन त्याच्या हाती दिले. अविनाश वाकून पाहू लागला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अमेरिकेची मंडळी लवकर जमली होती, आणि तो कानाला फोन लावून सूरसागराच्या दिशेने चालत गेला. मुलाने रेघ मारली, एक कोन रंगवला आणि तो खाली कोणत्या कोनाएवढा असेल हे शोधू लागला. नानांनी आपला चश्मा पुसून घेतला आणि ओट्यावर थोडे सरकून त्याच्या वहीजवळ बसले.