पावकी-दिडकी पाठ, वार मात्र आठवत नाही

"शंभरातून सात वजा करत चला," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका दमात सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. अठ्ठावन्नला डॉक्टरांनीच हात वर केला. "यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. वय झालंय, एवढंच," असं सांगून त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. माझा भाऊ, दादा, खुशीत त्यांना घेऊन घरी आला.

आठ दिवसांनी रात्री अकरा वाजता आप्पा कोल्हापूरच्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यापाशी उभे राहून मंगळवार पेठेचा रस्ता विचारत होते. ज्या पेठेत त्यांचा जन्म गेला, तिचा रस्ता. दूध काढणाऱ्या गवळ्यानं ओळखलं, म्हैस तशीच सोडून त्यांना गाडीवर बसवून घरी आणलं.

आप्पा गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे झोपेतून उठवलं तरी म्हणतील. शंभरातून सात वजा करणं ही स्मरणाची नाही, एकाग्रतेची आणि हिशोबाची परीक्षा. आणि ज्या माणसानं उभं आयुष्य गुळाच्या रव्यांचा तोंडी हिशोब केला, त्याला ती लागूच पडत नव्हती. कुणी त्यांना आजचा वार विचारला असता, सकाळी काय खाल्लं विचारलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाणं, हे आजाराचं नाव कळायला त्यानंतर अकरा महिने गेले. ते अकरा महिने घरात भांडणात गेले. आप्पा पैसे लपवतात, खोटं बोलतात, वहिनीवर आळ घेतात, असं सगळ्यांना वाटत राहिलं.

मी चौदा वर्षं जर्मनीत, बॉनमध्ये राहते. इथल्या व्हीनसबर्ग टेकडीवर, विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या आवारात, डीझेडएनई या संस्थेचं मुख्यालय आहे. मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जाणाऱ्या आजारांवर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर, कंपवात म्हणतात तो पार्किन्सन आणि स्नायू निकामी करणारा एएलएस यांवर काम करणारी ही जर्मनीची राष्ट्रीय संस्था. 2009 साली सुरू झाली, खर्चाचे 90 टक्के केंद्र सरकार देतं, 10 टक्के राज्यं. दहा ठिकाणी तिची केंद्रं आहेत. त्यातलं एक ट्युबिंगेनला. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरनं 1906 साली ट्युबिंगेनमध्येच आपल्या एका रुग्ण बाईची हकीकत पहिल्यांदा मांडली होती. ऑगस्टे डेटर तिचं नाव. 1901 साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा जेमतेम एक्कावन्न वर्षांची. नाव लिहायला सांगितलं तर मधेच अडायची, आणि मी स्वतःलाच हरवून बसले, असं म्हणायची. डॉक्टरनं तिचा शब्द न् शब्द टिपून ठेवला. ती वेडी झालीय म्हणून सोडून दिलं नाही, म्हणून आज त्या आजाराला नाव आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात भावकीत झालेला वाद. आप्पांना दिवसभरापुरतं एखाद्या केंद्रात ठेवावं का, असं दादानं नुसतं विचारलं. त्यावर माझा चुलतभाऊ दोन गोष्टी बोलला. एक, हा आजार मुळात तिकडचा, म्हाताऱ्यांना एकटं टाकतात म्हणून होणारा; आपल्याकडं एकत्र कुटुंबात असलं काही नसतं. दुसरी, आई-बापांचं करणं हा मुलांचा धर्म आहे, त्यात संस्था आणि सरकार कशाला? आणि मग माझ्याकडं वळून, "तू तर तिकडं जाऊन बसलीस."

शेवटचं खरं आहे. मी इथं आहे आणि रात्री आप्पांच्या दारात वहिनी झोपते. पण पहिल्या दोन गोष्टी मला मान्य नाहीत.

आजार तिकडचा नाही. भारतात झालेल्या देशव्यापी पाहणीतून 2023 साली जो अंदाज छापून आला, त्यानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. एकत्र कुटुंबात तो होत नाही असं नाही, तो झाकला जातो. जेवणाचं ताट समोर येतं, औषध हातावर ठेवलं जातं, बँकेत मुलगा जातो. माणसाला काय जमेनासं झालंय हे कळायला वेळच येत नाही. कळलं तरी आपल्याकडं म्हण तयार असते, साठी बुद्धी नाठी. या म्हणीनं आमचे अकरा महिने खाल्ले.

बॉनमध्ये काय करतात ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं औषधाचं नाहीच. 2016 पासून डीझेडएनईनं शहराच्या दोन ठरावीक भागांत ऱ्हाइनलँड अभ्यास सुरू केलाय. तीस वर्षांपुढच्या लोकांना पत्र पाठवून बोलावतात. आपण होऊन जाता येत नाही, नाहीतर फक्त हौशी आणि निरोगी माणसंच येतील. उद्दिष्ट 20 हजार लोकांचं आहे आणि त्यांच्याकडं पुढची कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा लक्ष ठेवायचं आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई जाऊन आल्या. मेंदूचा एमआरआय, डोळ्यांच्या पडद्याचे फोटो, रक्त, चालण्याची पद्धत, वास ओळखणं, आठवण. जवळजवळ दिवस गेला त्यांचा. आजार दिसायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत तो सुरू झालेला असतो, म्हणून तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांनाही तपासायचं.

आपल्याकडंही असं काम चालू आहे, हे फार लोकांना माहीत नाही. बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत 45 वर्षांपुढच्या दहा हजार लोकांचा असाच दीर्घ अभ्यास हाती घेतलाय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं स्मरणाच्या चाचण्या भारतीय भाषांत, कमी शिकलेल्यांनाही लागू पडतील अशा बनवून घेतल्या. पण पहिल्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नव्हती. हे वाचलं तेव्हा मला राग आला, अजूनही येतो. आप्पांना निपाणी-संकेश्वरच्या व्यापाऱ्यांमुळं कानडी येतं. म्हणजे ज्या भाषेत ते गिऱ्हाइकांशी बोलले त्या भाषेत त्यांची चाचणी आधी तयार झाली, आणि ज्या भाषेत आम्हाला अंगाईगीत म्हटलं त्या भाषेत नाही.

आता धर्माची गोष्ट. डीझेडएनईच्या ग्राइफ्सवाल्डच्या लोकांनी उत्तर जर्मनीच्या ग्रामीण भागात एक प्रयोग केला. खास प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका डिमेन्शिया असलेल्यांच्या घरी जायच्या, औषधं, पडण्याचा धोका, खाणं-पिणं, घरच्यांची दमछाक असं सगळं नोंदवून गावच्या डॉक्टरला कळवायच्या आणि पाठपुरावा करायच्या. 2017 साली निष्कर्ष छापून आले. रुग्णांचे वागण्यातले त्रास कमी झाले, सांभाळणाऱ्यांवरचा भार हलका झाला. मात्र आयुष्याचा दर्जा सुधारला तो एकटे न राहणाऱ्यांचाच. एकट्या माणसाला परिचारिका येऊन जाण्यानं ते सुख मिळालं नाही.

चुलतभावाला मी हेच सांगते. घरात माणूस लागतो, हे तुझं म्हणणं जर्मनीत तपासून खरं निघालं. पण त्या घरातल्या माणसाच्या पाठीशी कुणीतरी जाणकार उभं राहिलं, तेव्हाच ते खरं ठरलं. दादा आणि वहिनी आहेत. त्यांच्या पाठीशी कोण आहे?

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. वृद्धनिवासाचा खर्च घरं विकायला लावतो, कर्मचारी पुरत नाहीत. कित्येक घरांत पोलंड-रुमानियातून आलेल्या बायका म्हाताऱ्यांजवळ राहतात आणि त्यांच्या स्वतःच्या आया गावाकडं एकट्या असतात. त्यांच्याकडं बघताना मला माझंच दिसतं. तरी एक व्यवस्था मला मनापासून पटते. सेवा विमा, म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाही त्याच्या सांभाळासाठीचा सक्तीचा विमा, त्याचा तपासनीस घरी येतो आणि नुसतं चालता येतं का एवढंच बघत नाही. वेळेचं भान, रात्रीचं उठणं, अंगावर धावून जाणं हेही मोजतो. सांभाळ किती लागतो, याच्या पाच श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीच्या माणसाला घरचेच सांभाळत असतील तर 2025 च्या दरानं महिन्याला 599 युरो मिळतात. रक्कम सोडा. घरच्या बाईचं राबणं हे काम आहे, असं सरकारी कागदावर लिहिलं जातं.

पुतण्या विचारतो, तिकडचं नवीन औषध पाठवशील का? लेकॅनेमॅब 2025 साली युरोपनं मान्य केलं, पण ते अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी, आणि तेही आजार थोडा संथ करतं, बरा करत नाही. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे बघायला वारंवार एमआरआय लागतो. आप्पांची वेळ निघून गेली. त्या अकरा महिन्यांचा हिशोब इथंही लागतो.

कोल्हापूरला हे परकं वाटायचं कारण नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली चौदा कारणं दिली, जी सांभाळली तर 45 टक्क्यांच्या आसपास डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. त्यात रक्तदाब आहे, साखर आहे, ऐकू न येणं आहे, आणि लहानपणी शिक्षण न मिळणंही आहे. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, ते माणसांच्या मेंदूच्याही कामी आलं असणार असं मला वाटतं. त्याच गावात सीपीआरला, म्हणजे सरकारी इस्पितळात, आठवड्यातून एक दिवस स्मृती तपासणीची ओपीडी भरावी, आशाताईंना चार साधे प्रश्न मराठीत विचारायला शिकवावं, एवढं मागणं जास्त आहे का? गावोगावच्या दूध संस्थेत रोज सकाळी-संध्याकाळी तीच म्हातारी माणसं येतात. कोण दुसऱ्यांदा दूध घालायला आलं, कोण किटली विसरून गेलं, हे तिथल्या सचिवाला डॉक्टरच्या आधी कळतं. त्यानं ते कुणाला सांगायचं, एवढंच ठरवायचं आहे. आणि कानाचं यंत्र घालायची लाज सोडा. आप्पांनी सात वर्षं ते कपाटात ठेवलं होतं.

त्या जर्मन परिचारिका घरच्यांचा भारही विचारतात, म्हणून परवा मी वहिनीला फोनवर विचारलं, तुला झोप किती मिळते? तिनं आधी आप्पांचं सांगितलं, मग दादाचं. मी पुन्हा विचारलं. बराच वेळ पलीकडून नुसता मिक्सरचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "चार तास. कडीची किल्ली उशाखाली असते, ती हलली की जाग येते."

पुढच्या महिन्यात मी तीन आठवडे येतेय. तेवढे दिवस किल्ली माझ्या उशाखाली राहील, असं तिला सांगितलंय. चौथ्या आठवड्याचं काय, ते भावकीनं आता बसून बोलावं.