दीड किलोमीटरसाठी स्कूटर कशाला?

निपाणीत संध्याकाळी शिकवणी सुटण्याच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी पालकांच्या स्कूटरींची जी दाटी होते, तिच्यात दोन वर्षे मीही उभा असे. घरापासूनचे अंतर जेमतेम दीड किलोमीटर होते. तरी सातवीतली मुलगी दप्तर सांभाळत मागे बसे आणि तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडे, कारण आमच्या लेखी ते रविवारचे खेळणे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांतून हा तास वेगळा काढणे बहुतेक घरांत जमत नाही. सायकलीवर मात्र त्यातला काही वाटा जाण्यायेण्यातच उरकतो. हृदय आणि फुप्फुसे कामाला लागतात, मांड्या-पोटऱ्यांत बळ येते, शिवाय मूल तेवढा वेळ उजेडात आणि मोबाईलपासून लांब राहते. अर्थात सायकल म्हणजे सर्व काही नव्हे. शरीराचा भार सीट पेलत असल्यामुळे गुडघ्यांना हादरे कमी बसतात, पण त्याच कारणाने हाडे बळकट होण्यासाठी लागणारा ताणही तिच्यातून फारसा मिळत नाही. त्यासाठी खो-खो, लंगडी, दोरीवरच्या उड्या हव्यातच.

कपड्यांप्रमाणे सायकलही ‘वाढत्या अंगाची’ घेण्याची आपली खोड मला सर्वांत घातक वाटते. सीटवर बसून पाय जमिनीला टेकत नसतील, तर मुलाला ऐनवेळी थांबता येत नाही. उलट सीट फार खाली असली, तर गुडघे दुखू लागतात.

कर्नाटकात आठवीच्या मुलांना मोफत सायकली देण्याची योजना २००६-०७ मध्ये सुरू झाली. त्या सायकलींवरून खेड्यांतल्या मुली हायस्कूलला येत, तेव्हा त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते.

रस्त्याची भीती मात्र खोटी नाही. हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात धावतात, तेव्हा माझाही जीव टांगणीला लागतो. म्हणून आम्ही शिकवणीची वेळ एक तास अलीकडे मागून घेतली, हेल्मेट सक्तीचे केले आणि पहिले पंधरा दिवस मी दुसऱ्या सायकलीवरून तिच्या मागे गेलो. सोळाव्या दिवशी तिनेच मला घरी थांबायला सांगितले.