जुन्या विटांचा वाफा: रत्नागिरीकरांना उत्तर

नमस्कार रत्नागिरीकर,

जुन्या विटा रचून भाजीचा वाफा कसा करायचा हे मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप तीन. जुन्या विटांचा चुना मातीत उतरून झाडं मारतो. विटा रचून केलेला उंच वाफा ही थंड देशांतली टूम, आपल्या उन्हात तो वाळून जातो. आणि टेम्पो-मजुरी धरली तर फुकटच्या विटा नव्यापेक्षा महाग पडतात. शेवटचा आधी निकालात काढतो. विटा शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणायच्या असतील तर तुमचा हिशेब बरोबर आहे. आमच्याच गल्लीतला वाडा पाडला आणि विटा हातगाडीवरून आल्या, म्हणून मला परवडल्या.

आता चुना. भाजतो तो ताजा, नुकता विरवलेला चुना. भिंतीत पन्नास-साठ वर्षं बसलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी झालेला असतो, आणि चुनखडीचे खडे आमच्या पुण्याकडच्या काळ्या मातीत जागोजाग सापडतात. तेव्हा जुना चुना झाड मारत नाही. त्रास वेगळा आहे. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात चुन्याची भर पडली की झाडाला लोह मिळेनासं होतं आणि केवडा पडतो. कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडीतल्या अनंताचं हे दुखणं पुणेकरांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच विटा वाफ्यापासून लांब, गोणपाटावर साफ करा आणि तो चुरा मातीत मिसळू नका, असं लिहिलं होतं. तुमच्या जांभ्याच्या मातीचं उलट. ती आम्लधर्मी, तिला थोडा चुना मिळाला तर बरंच.

साफ करताना विटेची जातकुळीही कळते. चुन्यात बसवलेली वीट हातात धरून थापीची कड सांध्यावर मारली की चुना सबंध पापुद्र्याने सुटतो. सिमेंट तसं सुटत नाही, त्याच्याआधी वीटच फुटते. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजली ती ठेवायची, बद्द वाजली ती कच्ची. पावसाळ्यात भुगा होणार. नखाने ओरखडा उठला तरी तेच.

मला चुन्यापेक्षा जुन्या विटांवरच्या ऑइलपेंटची भीती जास्त वाटते, त्याबद्दल मात्र तुम्ही काहीच म्हटलं नाहीत. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६चा. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याची खात्री कोण देणार? रंग लागलेली वीट मी पालेभाजीजवळ ठेवत नाही, रंगाची बाजू बाहेर करूनही नाही. तीच गोष्ट गॅरेजच्या तेलकट विटांची.

उंचीबद्दल तुमचं निम्मं म्हणणं मान्य. पण टूम कसली? आपला गादीवाफाच आहे हा. कांद्याचं रोप आपण पिढ्यान्‌पिढ्या मीटरभर रुंद, वीतभरापेक्षा कमी उंचीच्या गादीवर टाकत आलो, कारण पावसाळ्यात पाणी साचलं की रोप मर धरतं. काळ्या मातीला तर निचऱ्याची गरज जास्तच. वाळतो तो कमरेएवढा उंच वाफा, फोटोत छान दिसणारा. माझा तीन थरांचा आहे, म्हणजे नऊ इंच, आणि बुडाला ना प्लास्टिक ना कोबा. मुळं सरळ खालच्या जमिनीत जातात. उन्हाळ्यात वर पाचटाचं आच्छादन. निव्वळ उन्हाळी भाजी करायची असेल तर गादी सोडा, खोलगट वाफा करा, हे मीही सांगेन.

वीट पाणी पिते हे खरंच. साध्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा विटांच्या भारतीय मानकातच दिलेली आहे. तीन किलोची वीट धरली तर अर्धा लिटरच्या वर झालं. कोरडी रचली तर हे पाणी ती तुमच्या रोपांच्या वाट्यातून घेणार. म्हणून आधी टबात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

हिशेब विचारला होता. आतून आठ बाय चार फूट, साडेचार इंची भिंत, तीन थर, वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर: शंभरएक विटा, तूटफूट धरून सव्वाशे. माती साधारण पाव ब्रास, म्हणजे पंचवीसएक घनफूट. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त करू नका, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आत पाय पडला की माती दबलीच.

या पद्धतीला नावं ठेवायचीच तर शंखी गोगलगायींवरून ठेवा. २०२२ साली लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणाऱ्या त्याच. सिमेंटशिवाय रचलेल्या विटांच्या फटी म्हणजे त्यांना दिवसा लपायला आयती जागा. मी फटी चिखलाने लिंपतो, तरी पावसाळ्यात एक-दोन राहतातच. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात सोडायच्या.

तुमच्या अंगणात चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे पडलेत म्हणता, तर विटांच्या मागे लागूच नका. चिरा जड, एकाच थरात काम होईल. फक्त कोकणातल्या पावसात वाफ्याची लांबी उताराच्या दिशेने ठेवा, आडवी नको. नाहीतर वरून आलेलं पाणी वाफ्यालाच अडेल.