सत्कार कुणाचा, आणि कधी?

परवा संध्याकाळी कराडला कृष्णेच्या घाटावर आमची नेहमीची बैठक बसली आणि भेळ संपायच्या आत वाद पेटला. निमित्त शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचं. गुणवंतांची यादी काढायचं काम आमच्या गळ्यात पडलंय. बापूने वहीचा कागद पुढे केला. सात नावं. दोन अधिकारी, एक डॉक्टर, एक अमेरिकेतला, बाकी कारखानदार आणि बिल्डर. सगळे पन्नाशीपुढचे. मुलगी एकही नाही.

"वर्गांचे पत्रे गळतात रे," बापू म्हणाला. "ज्याच्या खांद्यावर शाल घालू तो पत्र्यांचं बघेल. यात गैर काय?"

गैर काहीच नाही. पावसात पोरं बाकं सरकवून कोरडी जागा शोधतात, हे मीही पाहिलंय. पण मग त्याला देणगीदारांचा सत्कार म्हणा. गुणवंत हा शब्द कशाला वापरायचा?

आप्पा तोवर गप्प होते. तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. म्हणाले, "कराडात बसून हा प्रश्न पडतो तुम्हाला? खाशाबा जाधव कुठले?"

गोळेश्वरचे. इथून हाकेच्या अंतरावर. शिकले टिळक हायस्कूलमध्ये, जिथे यशवंतराव चव्हाणही शिकले. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "पदक मिळाल्यावर स्टेशनापासून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली," पिंट्या म्हणाला. त्याच्या आजोबांकडून त्याने ती शंभरदा ऐकलीय.

"मिरवणूक पदकानंतरची," आप्पा म्हणाले. "हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. मी त्याला खरा सत्कार म्हणतो. पोरगा अजून जिंकलेला नसताना केलेला." अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबा गेल्यावर आला. ते १९८४ ला अपघातात गेले, पुरस्कार २००० सालचा.

बापू हटला नाही. "आप्पा, ती मदत झाली. सत्कार वेगळा. मदत गुपचूप करावी, सत्कार चारचौघांत. पुढे काय करेल याचा पत्ता नाही अशा पोराला स्टेजवर बसवून उपयोग काय?"

मुद्दा बिनतोड वाटला. क्षणभर मलाही उत्तर सुचेना. मग साताऱ्याच्या शाळेचं रजिस्टर आठवलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण मला सांगायची होती ती १९०७ ची गोष्ट. भीमराव मुंबईत मॅट्रिक झाले तेव्हा वस्तीने सभा भरवली. समाजसुधारक सी. के. बोले अध्यक्ष. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. मुलगा नुसता मॅट्रिक झाला होता, एवढीच त्याची कमाई. आणि गुरुजी तिथे थांबले नाहीत. पुढे शिक्षण अडलं तेव्हा तेच त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सत्कार आणि मदत तिथे वेगळी कुठे होती?

पिंट्या हळूच म्हणाला, "आपल्या शाळेतली ती यंदा बारावी झालेली, नर्सिंगला पुण्याला निघालेली. घरात पहिलीच शिकणारी."

आप्पांनी बापूच्या हातातून पेन घेतलं आणि सातव्या नावाखाली आठवं लिहिलं.

बापूला ते पटलेलं नाही. यादीची शोभा जाते म्हणाला. तरी होस्टेलचं डिपॉझिट किती, हे त्याने जाताना दोनदा विचारलं. आता तारखेवरून अडलंय. मेळावा २६ जानेवारीला घ्यायची रीत आहे. मी म्हणतोय, या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत घ्या. फी तेव्हा भरायची असते.