कचऱ्याचा डबा आणि दोनशे नऊचं पत्र

ह्यूस्टन शहराला झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय असावं याचे शहराचे नियम, नाही, हे कळल्यावर पुण्याहून आलेला माणूस हरखतो. शहर विचारणार नाही म्हणजे कोणीच विचारणार नाही, असा त्याचा हिशोब. मग एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र येतं: आपला कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो.

शहराने सोडलेले नियम इथे जमिनीच्या कागदांत जाऊन बसलेत. त्यांना डीड रिस्ट्रिक्शन म्हणतात. घर विकलं तरी हटत नाहीत. जुन्या वाड्यातले भाडेकरूच जणू. सही करताना तो जाडजूड गठ्ठा कोणी वाचत नाही. वाचावा. कुंपणाची उंची, दाराचा रंग, डब्याची जागा, सगळं त्यात असतं.

एचओएने नेमलेल्या मॅनेजमेंट कंपनीची गाडी गोगलगायीच्या चालीने फिरते आणि खिडकीतून फोटो काढते. पहिलं पत्र मावशीच्या सुरात, दुसरं सासूच्या. तिसरं सर्टिफाइड मेलने येतं. हेच ते दोनशे नऊचं पत्र, टेक्सास प्रॉपर्टी कोडच्या 209व्या प्रकरणातलं. त्याआधीची गोड पत्रं नुसती सौजन्याची. डब्यासारख्या चुकीवर दंड लावायचा तर हेच पाठवावं लागतं. चूक कोणती, सुधारायची मुदत किती आणि सुनावणी कशी मागायची, हे त्यात असतं. सुनावणी लेखी मागायला 30 दिवस, तेही पत्र टपालात पडल्यापासून. तुम्ही आंबे खायला रत्नागिरीला गेला असाल तर घड्याळ थांबत नाही.

खरी मेख पुढे आहे. डबा आत नेलात, प्रकरण मिटलं. पण सहा महिन्यांत तो पुन्हा दिसला तर सुधारायची संधी देण्याचं बंधन उरत नाही, थेट दंड. म्हणून मी म्हणतो, पत्राची तारीख फ्रिजवर लावा, कालनिर्णयशेजारी.

तोरणाचं वेगळंच. 2011च्या कायद्याने दारावरच्या धार्मिक वस्तूंना 25 चौरस इंचांपर्यंत अभय दिलं होतं. म्हणजे आंब्याचं एक पान, फार तर दीड. 2021मध्ये ही मापाची अट गेली आणि अभय दारापुरतं राहिलं नाही. आता गुढीही उभारा, फक्त सेटबॅक, म्हणजे हद्दीलगत मोकळी ठेवायची पट्टी, सोडून, आणि रस्त्याच्या दिव्याला बांधू नका.

पुन्हा डब्याकडे. सुनावणीच्या 10 दिवस आधी एचओएच्या बोर्डाने आपल्याजवळचे पुरावे तुम्हाला द्यायचे असतात. नाही दिले तर 15 दिवसांची तहकुबी तुमच्या हक्काची. रेकॉर्डिंगही करता येतं. निव्वळ दंड थकला म्हणून घर लिलावात काढता येत नाही. वार्षिक वर्गणी थकली तर मात्र काढता येतं, तेव्हा रागाच्या भरात ती अडवून धरू नका.

पुराव्यांचं पाकीट आलं की नीट बघा. डब्याचे सहा फोटो असतात, तीन कोनांतून, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. त्यातला एक बहुधा कचरा उचलायच्या दिवशीच काढलेला असतो. तोच जपून ठेवा.