ईमेल म्हणजे लॉकर? कोणी सांगितलं?

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला? मोठ्या कंपन्या डेटा विकत नाहीत. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोत, म्हणजे खाजगी खिडकीत, तर नोंदही राहत नाही. आधार, पॅन, घराचे कागद ईमेलवर टाका, बँकेच्या लॉकरपेक्षा सुरक्षित!" ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या आत्याने तो वाचून इमानेइतबारे घराच्या नोंदणीचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं स्कॅन केलं. वर मला फोन, "आता हे बाड रद्दीत घालू ना गं?" डोकंच फिरलं.

आधी लॉकर. त्यात काय ठेवलंय हे बँक बघत नाही. चोरी झाली, आग लागली किंवा कर्मचाऱ्यानेच हात मारला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाच्या भाड्याच्या 100 पट भरपाई बँकेच्या गळ्यात पडते. शिवाय गोखले रोडवरच्या शाखेत जाऊन मॅनेजरसमोर ठिय्या देता येतो. ईमेलचं खातं बंद झालं तर आत्या कुणाशी भांडणार? फॉर्म भरायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं.

असं कुठे होतं का, म्हणाल. होतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत 2022 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापली. छोट्या मुलाच्या गुप्तांगाला सूज आली, डॉक्टरांना दाखवायला फोटो काढले, ते आपोआप गूगलवर चढले. यंत्रणेला ते बाललैंगिक अत्याचाराचे वाटले. खातं बंद! ईमेल गेलं, मुलाचे सगळे फोटो गेले, फोन नंबरही गेला, कारण त्याची मोबाइल सेवाही गूगलचीच. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा घडलाच नाही असं लेखी दिलं. तरी गूगलने खातं परत दिलं नाही. काय लपवलं होतं हो त्या माणसाने?

"विकत नाहीत" हे अर्धं खरं, मान्य. तुमची माहिती सहसा थेट पैशाला विकत नाहीत, ती वापरून तुमच्यासमोरची जाहिरातीची जागा विकतात. आणि बाहेरच्या चोरांचंच बोलायचं तर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यापेक्षा या कंपन्या नक्कीच बऱ्या; त्याच्या डेस्कटॉपवर अख्ख्या वॉर्डाची आधार कार्डं पडलेली असतात. पण राखणदारानेच डल्ला मारला तर? ट्विटरने खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून लोकांचे फोन नंबर घेतले आणि जाहिरातींसाठी वापरले. त्यापायी 2022 मध्ये अमेरिकेत 15 कोटी डॉलर दंड भरला. नंबर 'विकले' नव्हतेच बरं का!

आत्याला सांगितलंय, स्कॅन राहू दे, मूळ कागद कपाटातून हलवू नकोस.

राहिलं इन्कॉग्निटो. त्यावरच्या खटल्यात 2024 साली तडजोड करताना गूगलने अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. नोंद राहतच नव्हती, तर नष्ट काय करणार होते?